अकोल्याचा अर्धा मारवा

आमच्या गुरुजींना हार घालायचा नाही, हे अमरावतीतल्या तमाम सत्कारप्रेमी मंडळींना ठाऊक होतं, आणि तरी दरवेळी कोणीतरी घालायचंच. त्यातही तो हार बहुतेक आमच्या दुकानातला असायचा. आम्ही फुलवाले. शेत चांदूर बाजारकडं, दुकान राजकमल चौकाजवळ, आणि गिऱ्हाईक म्हणाल तर देव, नवरदेव आणि सत्कारमूर्ती. त्यातले पहिले दोघं निदान मुकाट्यानं हार घालून घेतात.

माझी न् गुरुजींची पहिली भेट भांडणातच झाली. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात जायच्या आधी सकाळी दुकानावर बसायची. एक उंच, वाळकासा माणूस पांढऱ्या सदऱ्यात समोर येऊन उभा राहिला. त्यानं काखेतली पेटी झेंडूच्या ढिगावर ठेवली, उघडली, आणि आतलं व्हायोलिन माझ्या नाकासमोर धरलं.

"हे पाय. काल तुह्या हारानं याले पानी पाजलं."

लाकडावर खरंच पाण्याचा पांढरा डाग पडला होता. हार ताजे दिसावेत म्हणून आम्ही पाणी मारतो, हे काही गुपित नाही. पण मी ऐकून घेणारी नव्हते. म्हटलं, "मंग घालून कावून घेता? मान बाजूले नाई करता येत?"

मला वाटलं, आता हा माणूस दुकान डोक्यावर घेणार. तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "पुन्हा म्हन. जसं म्हनलं तसंच." मी आणखी मोठ्यानं म्हटलं. तर म्हणे, "आवाज पट्टीत हाये तुहा. भांडताना बी सरकत नाई. उद्यापासून ये." पत्ता सांगितला आणि गेला. आईला वाटलं, डाग पुसायला बोलावलं असेल, म्हणून तिनं सोबत मऊ फडकं दिलं. ते फडकं घेऊन मी गेले, ती पुढं सोळा वर्षं जातच राहिले.

गुरुजी मोठे होते म्हणजे किती मोठे, हे मी काय सांगू! बाहेरचे नावाजलेले गवई वऱ्हाडात आले की उतरायचे मोठ्या हॉटेलात, पण सकाळी गुरुजींच्या दोन खोल्यांत येऊन सतरंजीवर बसायचे आणि म्हणायचे, थोडं ऐकवा. त्यातल्या एकानं फार आग्रह केला की पुण्याला चला, इथं तुमची कदर नाही. गुरुजी म्हणाले, "इथी कदर नाई, पन झोप लागते." आणि समोरच्याच्या बशीत आणखी एक गिलावडा ठेवला.

त्यांचा बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, तारेवर कधी टेकला ते कळायचंच नाही. सूर सुरू झाला असं वाटायचं नाही. तो आधीपासून होता, आपलंच लक्ष आत्ता गेलं, असं वाटायचं. एकदा आमच्या गावच्या देवळात उत्सवाला त्यांचं वाजवणं होतं. ऐन वेळी लाइन गेली, माइक बंद. मी कपाळाला हात लावला. गुरुजी तसेच वाजवत राहिले आणि मागं उभे राहून तंबाखू मळणारे लोक मळता मळता पुढं सरकत आले. माझा बाप, ज्यानं जन्मात आरतीपलीकडं काही ऐकलं नव्हतं, घरी जाताना मला म्हणाला, "काय होतं वं हे? मले माही माय आठवली." मी म्हटलं, भीमपलास होता. "असंल," म्हणाला आणि नाक शिंकरलं.

शिकवणं मात्र देवळात होतं तसं शांत नव्हतं. मांडी घालायची, उजवा पाय पुढं सोडायचा, व्हायोलिनची मुंडी घोट्यावर टेकवायची, आणि मग त्याला हात न लावता अर्धा तास नुसतं गायचं. "आडात नाई तं पोहऱ्यात कुठून येईन?" हे रोजचं. मग आम्ही वाजवायला लागलो की ते उठून स्वयंपाकघरात चहा टाकायचे आणि तिथून ओरडायचे, "तिसरं बोट सरकलं!" एकदा तर मिक्सर चालू असताना ओरडले, आणि बोट सरकलेलंच होतं. चुकायला त्यांची ना नव्हती, चोरून चुकायला होती. "चुकलं तं मोठ्यानं चुक," म्हणायचे, "हळू चुकनाऱ्याले देव बी दुरुस्त करत नाई."

स्टिकर हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट नेमकं कुठं ठेवायचं हे दाखवणारं त्यावर काहीच नसतं. कान आणि बोट यांनी ते वर्षानुवर्षं भांडून आपसात ठरवायचं असतं. हल्लीच्या क्लासवाल्यांना एवढा दम कुठला! तारांखालच्या काळ्या पट्टीवर ते रंगीत स्टिकर चिकटवून देतात. लाल म्हणजे रे, हिरवा म्हणजे ग. महिन्याभरात वाढदिवसाचं गाणं वाजतं, घरच्यांना व्हिडिओ काढायला मिळतो, सगळे खूश. अशा क्लासातून एक बँक मॅनेजर आमच्याकडं आले. गुरुजींनी चष्मा लावला, नखानं एकेक स्टिकर खरवडून काढला आणि साहेबांच्या कपाळावर ओळीनं चिकटवत गेले. "आता आरशात पाहून वाजवा," म्हणाले. साहेब तसेच स्कूटरवर बसून गेले आणि पुन्हा काही आले नाहीत.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट ठसठसत होती, ती म्हणजे अकोला. मी शिकायला लागले त्याच्या कितीतरी आधी तिथं त्यांचा कार्यक्रम होता. मारवा सुरू होता, दिवस मावळतानाचा राग. आलाप संपून पुढचा भाग सुरू होणार, तोच आयोजक स्टेजवर चढले आणि कानाशी लागून म्हणाले, "गुरुजी, दोन मिनिटं थांबा, साहेब आले." ते साहेब कोण, हे आज अकोल्यात कोणालाही आठवत नाही. गुरुजींनी बो खाली ठेवला. "गानं काय यस्टी हाये काय, हात दाखवला का थांबवाले?" एवढं माइकवर बोलले, पेटी बंद केली, तडातडा स्टँडवर गेले आणि समोर लागलेल्या गाडीत बसले. ती अमरावतीऐवजी अकोटची होती. हे त्यांना अर्ध्या वाटेत कळलं, पण रागात असल्यामुळं उतरले नाहीत.

तेव्हापासून अकोल्यात वाजवणं बंद. आणि मारवाही बंद. आम्हाला तो त्यांनी घोटून घोटून शिकवला, पण स्वतः वाजवा म्हटलं की म्हणायचे, "तो तथी अर्धा पडला हाये. वाजवीन तं तथूनच पुढं वाजवीन." मला सुरुवातीला हे नाटक वाटायचं. पण मारवा शिकवताना आलाप संपला की त्यांचा चेहरा पडायचा, तो काही नाटकाचा नव्हता.

मला शिकायला लागून बारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. गुरुजी चौऱ्याहत्तरचे होते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, जाऊन दहा वर्षं झाली होती, जेवणाचा डबा बाहेरून यायचा. एक दिवस आमच्या शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातली बाई आईला सांगत आली की तुमच्या पोरीचे मास्तर नेलपॉलिश घेऊन गेले. लाल. चार बाटल्या उघडून पाहिल्या म्हणे. "पातळ नको, लवकर सुकली पायजे, अन् काळ्यावर उठून दिसली पायजे," असं सांगून घेतली. काळ्यावर उठून दिसायला हवी, यावरून ती कोण असेल ती रंगानं सावळी आहे, इथपर्यंत संध्याकाळच्या आत तपास लागला.

"माय वं! बुढा या वयात..." म्हणत आईनं आधी माझ्याच हाताकडं पाहिलं. मी नखं दाखवली. व्हायोलिन वाजवणाराची नखं कातरलेलीच असतात, तिथं पॉलिश लावायची कुठं? मग तीही हसली. खरं सांगते, सगळ्यात जास्त मी हसले. दुसऱ्या दिवशी बाकीच्या शिष्यांना ती गोष्ट मीच रंगवून सांगितली, सावळ्या बाईच्या गावासकट.

त्याच आठवड्यात गुरुजींनी चहा आणला. स्टीलचा पेला, उकळता चहा, आणि ते तो डाव्या हाताच्या मुठीत धरून उभे राहून माझ्याशी बोलत होते. मी माझा पेला ओढणीनंही धरू शकत नव्हते. म्हटलं, "गुरुजी, पोळत नाई?" तर म्हणे, "आपन मे महिना झेलनारे लोक, चहा काय पोळते?" मी हसले. ते वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. त्यांच्या व्हायोलिनवर बोच्या केसांना लावतात त्या राळेची भुकटी साचली होती, ती पुसावी म्हणून मी ते उचललं. काही दिवसांपासून ते कोणाला त्याला हात लावू देत नव्हते, पण बारा वर्षांच्या सवयीनं माझा हात गेला. काळ्या पट्टीवर, तारांच्या मधल्या जागेत, मोहरीएवढे सात लाल ठिपके होते.

क्षणभर मला कुंकू वाटलं. दसऱ्याला आम्ही वाद्यं पुजतो. मग मी नखानं टोकरलं, ते निघेना. आणि पेला आठवला. आमच्या मोठ्या आत्याला शुगर होती, तिच्या पायात काटा मोडला तरी तिला कळायचं नाही. शुगर गुरुजींनाही होती, आणि त्यांच्या बोटांना तार कळत नव्हती. कान तसाच्या तसा होता, तो मिक्सरमधूनही ऐकत होता; पण बोट कुठं पडलं ते वाजल्यावरच त्यांना समजायचं, आणि तोवर वेळ गेलेली असायची. म्हणून डोळ्यांनी बघून वाजवायचं चाललं होतं. ज्या माणसानं बँक मॅनेजरच्या कपाळावर स्टिकर चिकटवले, तो दार लावून घेऊन नेलपॉलिशचे ठिपके देत बसला होता, आणि त्यावर मी गावभर हसून आले होते. मी व्हायोलिन होतं तसं ठेवलं आणि त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून लवकर घरी गेले. मला माझीच लाज वाटत होती.

सांगायचं कसं? मी दोन महिने सांगितलं नाही. आणि नेमकं त्याच वेळी अकोल्याचं पत्र आलं. एका संस्थेचा जीवनगौरव पुरस्कार, सोबत वादन, आणि खाली पेनानं लिहिलेलं की मागच्या वेळच्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत. गुरुजींनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं. म्हटलं, "गुरुजी, शुगर वाढलीय म्हणून कळवू का?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पत्राची घडी घालून ठेवली. त्यांची अडचण वेगळीच होती. पत्रिकेत वेळ होती सकाळी अकराची. "सकायी अकराले मारवा वाजवू काय?" म्हटलं, काळजी करू नका, भाषणं आहेत.

आणि तसंच झालं. अकराला आम्ही दोघं, तबलजी आणि सतरंज्या टाकणारे एवढेच होतो. पत्रिकेवर तेवीस नावं होती. त्यातली एकवीस बोलली. एका वक्त्यानं गुरुजींना सारंगीसम्राट केलं. दुसऱ्यानं वीस मिनिटं स्वतःच्या बासरीच्या आवडीवर घालवली आणि शेवटी सांगितलं की वेळेअभावी ती शिकता आली नाही. प्रमुख पाहुणे साडेतीनला आले, मग पुन्हा दीपप्रज्वलन झालं, कारण पहिल्याचा फोटो त्यांच्याविना होता. सन्मानचिन्हावर पितळी गिटार होती. ट्रॉफीवाल्याकडं व्हायोलिन नव्हतं म्हणे, आणि शेवटी दोन्ही तारांचीच वाद्यं. गुरुजी सगळं शांतपणे ऐकत होते, अधूनमधून दारातून बाहेरचं ऊन बघत होते. पावणेसहाला वादन सुरू झालं. मारव्याची वेळ अकोलेकरांनी अशी बिनचूक साधून दिली.

मी मागं माझं व्हायोलिन घेऊन साथीला बसले होते. पडदा सरकला आणि सगळं स्टेज निळं झालं. निळा गालिचा, निळा तबलजी. गुरुजींनी आलाप सुरू केला आणि तिसऱ्याच सुराला बोट घसरलं. त्यांनी ते ओढून जागेवर आणलं. पुन्हा घसरलं. त्यांची मान खाली झुकत झुकत पार तारांपाशी गेली. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ नेमके त्याच बेसूर जागेवर "क्या बात है!" म्हणाले. आणि माझ्या लक्षात आलं, निळ्या उजेडात लाल ठिपका काळा दिसतो. काळ्या पट्टीवर त्यांना काहीच दिसत नव्हतं.

मी बाजूला बसलेल्या लाइटवाल्याला खुणा केल्या. मग हळू आवाजात म्हटलं, भाऊ, पांढरा करा. तो म्हणाला, "म्याडम, क्लासिकलले निळाच असते. कव्वालीले हिरवा, लग्नाले गुलाबी." गुरुजींचं चौथं बोट घसरलं आणि माझा तोल गेला. दुकानावर ओरडते तशी मी भर कार्यक्रमात ओरडले, "पांढरा कर म्हनते ना!"

पांढरा झाला. गुरुजींनी बो थांबवला आणि वळून माझ्याकडं पाहिलं. लाइट का बदलायला लावला, हे त्यांना कळलं. मला माहीत आहे हेही कळलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मला वाटलं, आता हे मला इथूनच उठवणार.

त्यांनी माइक जवळ ओढला. "अकोलेकर मंडळी, खरं सांगतो. माह्या डाव्या हाताच्या बोटातली जान गेली हाये. कुठी पडते ते मले समजत नाई. लाल ठिपके लावून वाजवून राहिलो, तेबी तुमच्या लाइटात दिसले नाई. आतापर्यंत वाजवलं ते बेसूर होतं. माफी असावी."

आणि मग काय टाळ्या! निवेदक धावत माइकशी आले, "रसिकहो, केवढी ही विनम्रता! एवढा मोठा कलावंत स्वतःला बेसूर म्हणतो!" लोक उभे राहिले. गुरुजी माझ्याकडं झुकून म्हणाले, "हे कोनाले टाळ्या वाजवून राहिले बाप्पा?" मग म्हणाले, "पुढं ये."

"मी?"

"मंग काय तो लाइटवाला? आलाप मागच्या वेळी झाला होता. तथून पुढं तू वाजव. मी सा धरतो."

सा मोकळ्या तारेवर असतो, त्याला बोट लागत नाही. उजवा हात त्यांचा अजून होता तसाच होता. मारव्यात 'सा'वर जाऊन बसायचं नसतं, तो लांब ठेवून सगळं फिरायचं असतं. म्हणूनच मागं तो कोणीतरी पक्का धरावा लागतो. तो चाळीस मिनिटं त्यांनी धरला. बो कुठं वळतो ते एकदाही ऐकू आलं नाही. मी काय वाजवलं ते मला नीट आठवत नाही. मला पाठीशी तो सूर आठवतो, आणि तो आहे तोवर आपण पडणार नाही असं वाटल्याचं आठवतं. मारवा पूर्ण झाला. तोवर प्रमुख पाहुणे उठून गेले होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, गुरुजींच्या वादनानं अकोलेकर मंत्रमुग्ध, शिष्येची समर्पक साथ. फोटो त्या गिटारीचा होता.

त्यानंतर गुरुजी चार वर्षं होते. व्हायोलिन त्यांनी मला देऊन टाकलं आणि हाती धरलं नाही. ठिपके आधी स्वतः रिमूव्हर आणून पुसले. बांगड्यांच्या दुकानात त्यावरूनही चर्चा झाली, सावळी सोडून गेली अशी. पण या चार वर्षांत त्यांनी मला शिकवलं तेवढं आधीच्या बारांत शिकवलं नव्हतं. आता ते गेले त्यालाही बराच काळ झाला. सत्कार अजून होतात, हार अजून आमच्याकडूनच जातात.

मला मात्र आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा प्रवास. संस्थेची गाडी प्रमुख पाहुण्यांना सोडायला गेली होती, म्हणून आम्ही एसटीनं निघालो. गुरुजी खिडकीशी, पेटी मांडीवर उभी, तिच्यावर हनुवटी. मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा ते समोर बघतच म्हणाले, "तुले कवापासून मालूम होतं?"

"दोन महिने झाले."

"अन् बोलली नाई."

"भेव वाटलं."

"काहाचं?"

"तुमी हाकलून द्याल म्हनून."

गाडी स्टँडवर थांबली, माणसं उतरली, चढली, गाडी पुन्हा सुरू झाली. गुरुजी डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं एकेक दाबून बघत होते.

"मले वाटे," ते म्हणाले, "तुले समजलं तं तू येनं बंद करशीन."

मी ओढणी तोंडात कोंबली आणि रडले. तेवढ्या गाडीत, कंडक्टरसमोर, सगळ्यांसमोर रडले. गुरुजींनी खिडकीबाहेर तोंड केलं. बडनेरा आल्यावर मी डोळे पुसले आणि विचारलं, "उद्या किती वाजता येऊ, गुरुजी?"

"साडेसहाले ये," ते म्हणाले. "मारव्यात दोनदा चुकली."